एक आकडा स्वतः मोजलेला

शाळेतल्या ‘प्रकल्प’ या शब्दाइतका पोकळ शब्द आज दुसरा नसेल. मी करी रोडला राहतो. इथल्या झेरॉक्सच्या दुकानात मूल येतं, ‘जलप्रदूषण, आठ पानं, रंगीत’ म्हणतं आणि दहा मिनिटांत स्पायरल बाइंडिंग केलेलं संशोधन घरी नेतं. आत विकिपीडियाचा मजकूर, गूगलवरची चित्रं आणि शेवटी निष्कर्ष : पाणी वाचवा. आता चॅटजीपीटी आल्यावर तर दुकानदाराचीही गरज उरली नाही. गुण मिळतात. मुलाला मात्र एकही प्रश्न पडलेला नसतो.

यात दोष मुलाचा नाही. तंत्रज्ञान शिकवणं म्हणजे यंत्रं विकत घेणं, ही आपल्या कारभाऱ्यांची समजूत आहे. २०१५मध्ये मुंबई महापालिकेने आठवीच्या मुलांना टॅब वाटले. केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. २०२५च्या अर्थसंकल्पात अशा आणखी ५० हजार लॅबची घोषणा झाली. यंत्रांना माझा विरोध नाही. पण टॅबवर काय शोधायचं आणि सापडलेलं खरं कशावरून, हे शिकवायला शिक्षक लागतो, आणि आपण त्याला मतदारयाद्यांच्या कामाला जुंपतो.

‘या वस्तीतल्या मुलांना आधी नीट वाचता येऊ दे, संशोधन नंतर,’ असं मला ऐकवलं जातं. याचं उत्तर याच शहरात मिळालेलं आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली सुरू झालं ते नाना चौकातल्या महापालिका शाळेत. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महापालिका शाळांतल्या वंचित घरांतल्या मुलांबरोबर काम केलं. अडसर बुद्धीचा नाही, पुस्तकांच्या बोजड भाषेचा आणि घोकंपट्टीचा आहे, हे त्यातून दिसलं.

विषय तर दारात उभे आहेत. २९ सप्टेंबर २०१७ला शेजारच्या एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत वीसहून अधिक माणसं गेली. त्यानंतर लष्कराने करी रोड स्टेशनलाही पादचारी पूल बांधून दिला. संध्याकाळी त्या जिन्यावरून मिनिटाला किती माणसं उतरतात? जिना किती रुंद आहे? लोकल येऊन गेल्यावर गर्दी ओसरायला किती वेळ लागतो? पाच मुलं, एक टेप, एक घड्याळ आणि मोबाइलवरची साधी स्प्रेडशीट एवढ्यावर भागतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजा. आकडे जुळले नाहीत तर का, ते शोधा. संशोधन तिथे सुरू होतं.

ज्यांच्या आजोबांनी १९८२चा गिरणी संप पाहिला, त्यांनी आजोबांचं बोलणं रेकॉर्ड करावं आणि त्यातल्या तारखा जुन्या वर्तमानपत्रांशी ताडून बघाव्यात. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावचा इतिहास कामगारांच्याच तोंडून गोळा केला होता.

शाळांना हे नको असतं, कारण मोजायला शिकलेलं मूल जिन्यापाशी थांबत नाही. शाळेच्या संडासात पाणी किती तास असतं, हेही ते मोजेल. छापील प्रकल्प असले प्रश्न विचारत नाही.

गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींत आकड्यांवर निर्णय होतात. आमची मुलं तिथे फक्त पार्सल पोचवायला जाणार असतील, तर आहे ते ठीक आहे. तसं नको असेल, तर शाळांनी याच वर्षी नियम करावा : प्रकल्पात एक तरी आकडा मुलाने स्वतः मोजलेला हवा आणि तो कसा मोजला, हे त्याला वर्गासमोर सांगता यायला हवं. बाकीची पानं कोरी असली तरी चालतील.