पाच वर्षांचं पोर 'इंग्लिशमध्ये वीक' कसं असतं?

"इंग्लिशमध्ये वीक आहे, घरी बोलत जा त्याच्याशी." सीनियर केजीतल्या पोरांच्या पालकांना हे वाक्य जळगाव-धुळ्यात सर्रास ऐकवलं जातं. शाळेचं नाव घेत नाही, कारण हे एकाच शाळेचं काम नाही. मला एवढंच विचारायचंय: वीक म्हणजे कशाच्या मानाने वीक? मोजपट्टी कुठली लावली?

आपल्याकडचं पोर घरात अहिराणी ऐकतं. आजी 'भूक लागनी का' म्हणून विचारते. गल्लीत मराठी, मोबाईलवर हिंदी कार्टून. शिरपूर-चोपड्याकडच्या पाड्यांवर तर घरात पावरा नाहीतर भिली, तिथे शाळेतली मराठीच नवी. इंग्रजी येते ती त्यानंतर. नवी भाषा कानावर पडायला लागली की बरीच लहान मुलं काही महिने गप्प राहतात, नुसतं ऐकतात. मॅडम 'सिट डाऊन' म्हटल्या की बसतात ना? म्हणजे समजतंय. बोलणं मागून येतं. आपण त्या गप्प राहण्यालाच नापास करतो.

जर्मनीत प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवतात. चौथी संपताना साधारण अपेक्षा असते 'ए-१' ची, म्हणजे युरोपने ठरवलेल्या सहा पायऱ्यांतली सगळ्यात खालची. स्वतःबद्दल दोन वाक्यं, सोपे प्रश्न कळणं, बस. आणि जर्मन तर इंग्रजीची चुलत बहीण! आम्हाला मात्र केजीतच दहा ओळींचं 'माय सेल्फ' पाहिजे, तेही गॅदरिंगला, माईकवर. त्याच पोराला मधेच 'आज डब्यात काय होतं' एवढं इंग्रजीत विचारून बघा, गाडी तिथेच थांबते.

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला तेव्हा सगळ्यांना एकदम बालमन आठवलं. एवढ्याशा जिवावर तिसरी भाषा कशाला, म्हणून राज्यभर रान उठलं. बरोबरच होतं. २९ जूनला सरकारने दोन्ही जीआर मागे घेतले. मग तोच न्याय इंग्रजीला का नाही? मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आली. पाव शतक झालं, पण कोणत्या वयाला किती यायला पाहिजे, हे एका तरी पालकाला नीट समजावून सांगितलंय का?

इंग्रजी बंद करा असं मी म्हणत नाही. पोरगं उद्या पुण्याला इंटरव्ह्यूला अडकेल ही बापाची भीती खरी आहे. गाणी शिकवा, गोष्टी सांगा, खेळ घ्या. शेरे मारू नका. आणि पहिलीच्या प्रवेशाला पोराची किंवा आईबापाची मुलाखत कोणी घेत असेल, तर आरटीई कायद्याचं कलम १३ वाचून दाखवा. पहिल्याच वेळी २५ हजारांपर्यंत दंड आहे, त्यानंतर दर वेळी ५० हजारांपर्यंत.

पुढच्या पॅरेंट्स मीटिंगला एकच मागा: या वयाच्या मुलाला इंग्रजीत काय यायला पाहिजे, ते लेखी द्या. तसा कागद कोणत्या शाळेने दिला तर मला फोटो पाठवा. इथेच टाकतो, शाळेच्या नावासकट, कौतुकाने.