विश्लेषण : कर्करोगाच्या उपचारात वही-पेन कशासाठी?

परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या मंदिरामुळे ओळखले जाते. कर्करोगाच्या अभ्यासकांना हा सारा परिसर आणखी एका कारणाने परिचित आहे. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतील ३४६ गावांत कोणाला कोणता कर्करोग झाला, याची नोंद १९८७ पासून ठेवली जाते. देशातील ही पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी. पुढे १९९९ पासून धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार महिलांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्याने घटतात, हे त्यातून २००९ मध्ये जगाला कळले.

आजाराची नोंद इतकी काटेकोर. पण रुग्णाच्या मनात काय चालले आहे, याची नोंद कुठे होते?

बोलायचे कोणाशी?

गावात कर्करोगाचे नाव सहसा घेतले जात नाही. ‘गाठ आहे’, ‘मोठा आजार आहे’ एवढ्यावर विषय थांबतो. घरचे रुग्णापासून लपवतात आणि रुग्ण आपली भीती घरच्यांपासून. मुलीचे लग्न अडेल, लोक घरी येणे टाळतील, उपचारासाठी जमीन विकावी लागेल, हे सारे विचार मनातच राहतात. केमोची सलाईन डॉक्टर लावतात. या ओझ्यावर मात्र कोणीच काही करत नाही.

काय आहे ही पद्धत?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे, मनाला सर्वांत जास्त लागलेल्या घटनेबद्दल लिहायला सांगितले. शुद्धलेखन, व्याकरण पाहायचे नाही, हात थांबवायचा नाही. घटना आणि त्याबद्दलच्या भावना असे दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढील काही महिन्यांत इतरांपेक्षा कमी भरल्या. याला ‘भावना व्यक्त करणारे लेखन’ म्हणतात.

कर्करोगात उपयोग किती?

२००२ मध्ये सुरुवातीच्या टप्प्यातील स्तनाचा कर्करोग असलेल्या ६० महिलांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. आजाराबद्दलच्या खोल भावना लिहिणाऱ्या महिलांनी तीन महिन्यांनंतर शारीरिक त्रास कमी असल्याचे सांगितले. मात्र २०१५ मध्ये अशा १६ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा सरसकट सर्वांना फायदा होतो असे दिसले नाही. ज्यांना भावनिक आधार कमी, त्यांना उपयोग होण्याची शक्यता मात्र त्यात मांडली गेली. घरातही मोकळे बोलता न येणाऱ्या रुग्णासाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

लिहिण्याने गाठ विरघळत नाही. औषध, शस्त्रक्रिया, रेडिएशन यांना तो पर्याय नाही.

लिहिता येत नसेल तर?

२००६ मधील एका अभ्यासात वाईट अनुभवाबद्दल नुसता विचार करत बसण्यापेक्षा लिहिणे किंवा टेपरेकॉर्डरसमोर एकट्याने बोलणे फायद्याचे ठरले. आपल्याकडच्या बायकांना हे नवे नाही. सासरचा जाच, माहेरची ओढ, लेकराचे दुखणे त्यांनी जात्यावर सांगितले. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या प्रकल्पात अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. आज जात्याची जागा मोबाइलमधील रेकॉर्डर घेऊ शकतो.

सुरुवात कशी करावी?

- एकांताची १५ ते २० मिनिटे ठरवा. तीन-चार दिवस पुरेत.
- ‘मला कशाची भीती वाटते?’, ‘घरच्यांना काय सांगायचे राहिले?’ अशा प्रश्नाने सुरुवात करा.
- लिहिलेले कोणाला दाखवायची गरज नाही. फाडले, रेकॉर्डिंग पुसले तरी चालते.
- लिहिल्यावर थोडा वेळ उदास वाटू शकते. फार त्रास होत असेल तर तिथेच थांबा.
- झोप उडाली, जगणे नको वाटू लागले तर वहीवर विसंबू नका. डॉक्टरांना सांगा किंवा ‘टेली मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा.

व्यवस्थेने काय करावे?

केमोच्या दिवशी रुग्ण तासन् तास खाटेवर असतो. त्या वेळी त्याच्या हाती एक वही देणे आणि ‘हे फक्त तुमच्यासाठी आहे’ एवढे सांगणे, यासाठी नवी इमारत वा यंत्र लागत नाही. आशाताईंच्या प्रशिक्षणात अर्ध्या तासाचा हा विषय सहज बसेल. पण वही दिली म्हणून समुपदेशकाचे पद रिकामे ठेवण्याची सबब मिळू नये. वही हा पहिला आधार आहे, शेवटचा नाही. ज्या मातीने जगाला कर्करोगाचे आकडे दिले, तिथल्या रुग्णाला स्वतःच्या शब्दांसाठी चार पाने मिळणे ही फार मोठी मागणी नाही.