मूल आजीकडे आणि आईबाप फुकेतला



गेले पंधरा दिवस आपल्या महिला मंडळात एकच विषय चालू आहे. आमच्या सोसायटीतलं एक तरुण जोडपं सहा दिवस थायलंडला, फुकेतच्या समुद्रकाठच्या हॉटेलात राहून आलं. तीन वर्षांची मुलगी इथे बदलापुरात आजीकडे होती. स्वाध्याय संपून शास्त्र बासनात बांधायच्या आत कुजबुज सुरू होते. "कसं मन झालं बाई तिचं?" "आम्ही नाही हो कधी अशा सोडून गेलो." पुष्कळ ऐकून घेतलं. आता माझं ऐका.

आधी तो "तिचं" शब्दच बघा. गेली दोघं, मूल दोघांचं, आणि मन कसं झालं हे विचारायचं एकटीला. तोच मुलगा मागच्या वर्षी कंपनीच्या कामाने महिनाभर बाहेरगावी होता. तेव्हा याच तोंडांनी "नाव काढलं पोराने" म्हटलं होतं.

मी बी.कॉम. आहे. नोकरी केली नाही, पण आकडेमोडीची सवय गेली नाही. ही दोघं सकाळी सातच्या सुमाराला लोकल पकडतात आणि रात्री आठला घरी येतात. बदलापूरहून मुंबई म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे रोजचे तेरा तास मूल आजीकडे. वर्षाचे अडीचशे कामाचे दिवस धरले तर ३,२५० तास झाले. फुकेतचे सहा दिवस म्हणजे १४४ तास. त्या ३,२५० तासांबद्दल आजवर कोणी चकार शब्द काढला नाही, कारण त्यातून पगार येतो आणि फ्लॅटचा हप्ता जातो. आई पैसे मिळवायला गेली तर चालतं, नवऱ्याबरोबर चार दिवस हसायला गेली तर ती निर्दयी ठरते. हे मला पटत नाही.

"पण रात्रीचं काय?" असं एकीने विचारलं. रास्त विचारलं. दुसऱ्या रात्री मुलगी रडली, हे आजीनेच मला सांगितलं. आईबाप आल्यावर अर्धा तास फुगून आजीच्या पदराआड बसली होती. मी ते झाकून ठेवत नाही. अंगावर पिणारं मूल असतं, आजारी असतं, किंवा आजीची तिला सवय नसती, तर हा लेख मी वेगळा लिहिला असता. पण ही मुलगी जन्मापासून आजीच्या हाताने जेवते.

आणि "आम्ही नाही कधी सोडून गेलो" हे कोण म्हणतंय? १९९३ साली श्रवणबेळगोळला बाहुबली भगवंतांचा महामस्तकाभिषेक झाला, तेव्हा आपल्यातल्या किती जणी मुलं घरी ठेवून गेल्या होत्या, आठवा. माझी मुलगी दोन वर्षांची होती. सासूबाईंकडे ठेवून आम्ही दोघं गेलो, येताना दक्षिणेतली आणखी क्षेत्रं केली, अठरा दिवसांनी परतलो. आल्यावर माझी ओटी भरली सगळ्यांनी. सम्मेद शिखरजीची वंदना सत्तावीस किलोमीटरची, तिथे लहान मूल नेणं अवघड म्हणून ते मामाकडे ठेवणाऱ्या जोडप्यांची तर आपण स्तुतीच करतो.

तुम्ही म्हणाल, तीर्थयात्रा कुठे आणि मौजमजा कुठे. फरक आहेच, जाणाऱ्याच्या परिणामांत आहे. पण दोन वर्षांच्या पोरीला पुण्यबंध कळत नाही. तिला एवढंच कळतं की आई दिसत नाही. मुलाच्या दुःखाची काळजी असेल तर ती दोन्हीकडे सारखी करा. नाहीतर कबूल करा की आपला आक्षेप त्या मौजेला आहे, आणि मुलाला मधे आणू नका.

मंडळाच्या ग्रुपवर एकीने अमेरिकेतली बातमी टाकली. क्लीव्हलँडमधल्या बाईने २०२३ मध्ये सोळा महिन्यांची मुलगी दहा दिवस घरात एकटी कोंडली आणि स्वतः फिरायला गेली. मुलगी गेली, बाईला जन्मठेप झाली. वाचून माझ्याही पोटात खड्डा पडला. पण तिचा आणि आपल्या शेजारणीचा संबंध काय? तिथे मूल कोणाकडेच नव्हतं. इथे ते आजीकडे आहे. उलट २००७ ची पोर्तुगालची गोष्ट आठवा. इंग्रज डॉक्टर जोडपं मुलांना बरोबर घेऊनच समुद्रकाठी सुट्टीला गेलं होतं. मुलं खोलीत झोपवून जवळच जेवायला बसले, आणि पावणेचार-चार वर्षांची मुलगी नाहीशी झाली, ती आजवर सापडली नाही. मूल सोबत नेलं की काळजी घेतली, असं होत नाही.

इतक्या लांब कशाला जायचं? २० ऑगस्ट २०२४ ला आपल्याच स्टेशनात माणसं रुळांवर का उतरली होती, हे बदलापुरातल्या बाईला माहीत आहे. त्या कोवळ्या मुली रोजच्यासारख्या शाळेत गेल्या होत्या. त्यांचे आईबाप कुठे परदेशी मजा करत नव्हते. तेव्हा विचारायचं ते हे: मूल कोणाच्या हाती आहे? त्या माणसाला पक्कं ओळखता का? या सुनेने जायच्या आधी मुलीच्या वजनाप्रमाणे तापाच्या औषधाचा डोस, डॉक्टरांचा नंबर, बालवाडीतून कोण आणणार त्याचं पत्र, सगळं लिहून फ्रिजवर लावलं होतं. रोज तिथले साडेआठ, म्हणजे आपले सात वाजले की फोनवर गोष्ट सांगत होती. मी अठरा दिवसांसाठी गेले तेव्हा घरात फोनसुद्धा नव्हता.

आता थोडं नाजूक बोलते. आपल्या गावातले किती संसार वन बीएचकेत आहेत? हॉलमध्ये सासूसासरे, बेडरूममध्ये दोघांच्या मधे मूल, आणि आजीला दम लागतो म्हणून दार उघडं. लग्नाला सहा वर्षं झालेल्या जोडप्याला मोकळेपणाने भांडायलाही जागा नाही. गृहस्थाचं चौथं अणुव्रत स्वदारसंतोषाचं आहे, पाठशाळेत आपणच शिकवतो. संतोष म्हटला की तो राखायलाही लागतो. मंडळात घटस्फोटांवर उसासे टाकायचे आणि जोडपं चार दिवस एकत्र गेलं की नाकं मुरडायची, हे दोन्ही कसं जमतं तुम्हाला?

खाण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. एकाच स्वयंपाकघरात मासे आणि आपलं जेवण, शिवाय तिकडे सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो आणि हॉटेलात जेवण त्यानंतरच लागतं. तिने भडंग, शेंगदाण्याची चटणी, खाखरे नेले होते, संध्याकाळी फळं खाऊन घ्यायची. एखाद्या दिवशी चुकलंही असेल. तो तिचा आणि तिच्या नियमाचा प्रश्न, तिच्या आईपणाचा नव्हे.

माझी तक्रार वेगळीच आहे, आणि ती पुष्कळ घरांबद्दल आहे. आजीला कोण विचारतं? तिकिटं काढून झाल्यावर "आई, तुम्ही आहातच ना" असं सांगणं म्हणजे विचारणं नव्हे. गुडघे दुखणारी, बीपीची गोळी घेणारी बाई सहा दिवस चोवीस तास तीन वर्षांच्या पोरीमागे धावते, आणि तिच्या त्या ३,२५० तासांचा जमाखर्च कुठल्याच वहीत नसतो. आजीला "नाही, या वेळी जमणार नाही" म्हणता आलं पाहिजे, आणि तसं म्हटल्यावर तोंडं वाकडी होता कामा नयेत. या सुनेने तिकिटांच्या आधी विचारलं होतं. आजी मला म्हणाली, "माझ्या सासूला माझ्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं, आणि मलाही आजवर कुणी नाही."

आता आजीची पाळी. दिवाळीनंतर आम्ही दोघी पाच दिवस कुंथलगिरीला जाणार आहोत, तिकिटं मी काढते आहे. तेवढे दिवस मुलीकडे आईबापांनी बघायचं. सुनेने दोन दिवसांची रजा टाकली. उरलेल्या तीन दिवसांचं मुलाला विचारलं तर म्हणतो, "बघतो." हे उत्तर चालणार नाही, हे मी त्याला जिन्यातच सांगितलं आहे. मंडळातल्या ज्यांना कोणाला चौकशी करायची असेल, त्यांनी आता त्याच्याकडे करावी. रविवारी तो घरी असतो.