मिथेनचे सूत्र आणि देवनारचा धूर

जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार कचराभूमीला मोठी आग लागली. धूर इतका पसरला की उपग्रहाच्या छायाचित्रांतही तो दिसला. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. देवनारला १९२७ पासून शहराचा कचरा पडतो आहे आणि त्या ढिगाऱ्यांना लागून शिवाजीनगर, बैंगनवाडीच्या वस्त्या आहेत. तिथली पुष्कळ घरे आपल्याच लोकांची आहेत.

शाळा पुन्हा उघडल्यावर विज्ञानाच्या तासाला काय शिकवायला हवे होते? पुस्तकात मिथेन असतो. मूल त्याचे सूत्र पाठ करते, पेपरात लिहिते, गुण मिळवते. पण ओला कचरा हवेविना दबून कुजला की हाच वायू तयार होतो आणि ढिगाऱ्यातली आग तो भडकवतो, हे कुणी जोडून दाखवले तर ना! भाजीची साले, थोडे शेण आणि पाणी बाटलीत भरून तोंडाला फुगा बांधा. काही दिवसांत फुगा फुगू लागतो. सुरुवातीला त्यात बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो, मिथेनला आठवडे लागतात. (फुग्याजवळ काडी ओढू नये, हे मुलांना आधीच बजावावे.) मग एखादी मुलगी विचारेलच, की सगळ्या शहराचा कचरा आमच्याच दाराशी का? “हा नागरिकशास्त्राचा प्रश्न आहे” म्हणून तिला खाली बसवू नये. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहराच्या २४ विभागांपैकी हाच एम-पूर्व विभाग तळाला होता. धूर कुणाच्या फुप्फुसात जातो हा प्रश्न विज्ञानाच्या तासालाही शोभतो.

पाण्याचेही तसेच. नळाला चोवीस तास पाणी नसले की पाइपातला दाब उतरतो आणि फुटक्या जोडांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. म्हणून पाणी सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे ते गढूळ येते. ही मिनिटे आपल्या मुलींना तोंडपाठ असतात, कारण हंडे त्याच भरतात. शाळेत तिची ही माहिती कुणी माहिती मानत नाही. शिक्षकांच्या देखरेखीखाली ओटी द्रावणाचे थेंब टाकून हेच पाणी तपासता येते. पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम तरी असायला हवे. रंग आलाच नाही तर पाणी दूषितच आहे असे नव्हे, पण त्याला संरक्षण उरलेले नाही एवढे नक्की. महिनाभर गल्लीगल्लीतल्या नळांची तारीख-वेळेसह वही ठेवली, तर ती विभाग कार्यालयात नेऊन दाखवता येते. नुसत्या तक्रारीपेक्षा अशी वही बाजूला सारणे साहेबांना जड जाते.

इथे एक धोकाही आहे, आणि तो मला मोठा वाटतो. वस्तीतल्या मुलांना “त्यांच्या जगण्याचे” विज्ञान म्हणून फक्त कचरा आणि नळच शिकवायचे, आणि समीकरणे, प्रकाशाचे नियम, रेणूंची रचना मात्र क्लासवाल्या मुलांसाठी ठेवायची, हा न्याय नाही. नळापासून सुरुवात करावी, पण मुलाला क्लोरीनच्या अणूपर्यंत नेऊन पोचवावे.

ते जमते का? गोवंडीच्या शेजारी मानखुर्दला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. ते १९७४ मध्ये सुरू झाले. पहिले संचालक वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काम केले. ही मुले बुद्धीने कमी, हा समज तिथे टिकला नाही. मोठा अडसर होता पुस्तकाच्या भाषेचा. तोच धडा साध्या शब्दांत मांडला आणि प्रश्न विचारायची मोकळीक दिली, की मुले पुढे जात.

भाषेचा हा अडसर आपल्या घरांत तिप्पट आहे. उर्दू शाळेतल्या मुलाला पान आपले अन्न करते ती क्रिया ‘जियाई तालीफ’ म्हणून कळते. मराठी शाळेतली त्याची चुलत बहीण तिला ‘प्रकाशसंश्लेषण’ म्हणते. अकरावीला जवळपास सगळीकडे विज्ञान इंग्रजीतून, तिथे तीच ‘फोटोसिंथेसिस’ होते. दहावीला चांगले गुण घेतलेला मुलगा पहिल्या सहामाहीत गप्प होतो आणि घरी म्हणतो, “अम्मी, सायन्स माझ्याने होत नाही.” अब्बू मग कॉमर्सचा फॉर्म आणतात. खरे तर विज्ञान त्याला येत असते, अडतात ती नावे. आठवीपासूनच एका वहीत तिन्ही नावे शेजारी शेजारी लिहायची सवय लावली, तर हा धक्का पुष्कळ हलका होतो. शब्द उर्दूत सांगायला घरातले दादाजी आहेत, मराठीत सांगायला आपा आहे. इंग्रजी शाळेतून लिहून आणायचे.

पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा गुणपत्रिकेवर सही करून लगेच उठू नका. प्रयोगशाळेची किल्ली कुणाकडे असते आणि गेल्या महिन्यात ती किती वेळा उघडली, हे विचारा. मुलींच्या तुकडीसाठी किती वेळा, तेही विचारा.