कोठार ज्वारीचं, शाळेच्या ताटात तांदूळ

मंगळवेढा : सप्टेंबरच्या अतिवृष्टीने वापसा लांबला, त्यामुळे यंदा ज्वारीची पेरणी मागं-पुढं होतेय. तरी काळ्या रानात तिफण चालू झाली की मंगळवेढ्याचा शेतकरी निर्धास्त होतो. बाकी काही येवो न येवो, शाळू येणार. याच ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. 'ज्वारीचं कोठार' हे नाव त्याच्या कितीतरी आधीचं. दुष्काळात सरकारी कोठार रयतेला खुलं करणाऱ्या दामाजीपंतांची कथा इथल्या लहान पोरांनाही पाठ असते.

त्याच पोरांच्या शाळेत दुपारी बारा-एकला ताट वाढलं जातं, तेव्हा त्यात ज्वारीचा कणही नसतो. मसालेभात, मूगडाळ खिचडी, मटार पुलाव, वार कुठलाही असो, भांड्यात तांदूळच. तो या तालुक्यात पिकत नाही. आणि हे फक्त मंगळवेढ्याचं नाही. मोहोळ, माढा, बार्शी, करमाळा, सगळीकडे शाळेतल्या ताटाची हीच गत.

याचं कारण मुख्याध्यापकाच्या किंवा स्वयंपाक करणाऱ्या ताईंच्या हातात नाही. शालेय पोषण आहार योजना १९९५ ला सुरू झाली तेव्हा पोरांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. नंतर शिजवून द्यायला लागले, २०२१ मध्ये योजनेचं नाव 'पीएम पोषण' झालं, पण धान्य येण्याची वाट बदलली नाही. केंद्राकडून महामंडळाच्या गोदामातला तांदूळ फुकट येतो. पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, हा हिशेब ठरलेला. जे फुकट येतं तेच शिजणार, यात शाळेचा दोष काय?

मधे २०२३ साल आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. ज्वारी-बाजरीला 'श्री अन्न' असं नाव मिळालं. फलक लागले, रॅली निघाल्या, पाककृती स्पर्धा झाल्या. राज्याच्या अर्थसंकल्पात सोलापूरला श्री अन्न उत्कृष्टता केंद्र जाहीर झालं आणि वर्ष संपायच्या आत ते बारामतीला जाणार म्हणून वादही पेटला. त्यानंतर शाळेच्या पाककृतीत एक भरडधान्य आलं, ते म्हणजे नाचणीचं सत्त्व. नाचणी चांगलीच, पण ती कोकणची आणि घाटमाथ्याची. सोलापूरच्या रानात ती कुणी पाहिलेली नाही. जानेवारी २०२५ च्या निर्णयाने अंड्याबरोबर तेही ऐच्छिक झालं. साखर लोकसहभागातून मिळवा, असं सांगण्यात आलं. ज्वारीचा विषय त्यात कुठंच नव्हता.

आता कुणी म्हणेल, सरकार ज्वारी हमीभावाने घेतंय की, मग तीच शाळेला द्यावी. इथेच खरी मेख आहे. २०२५-२६ चा हमीभाव हायब्रीडला ३,६९९ रुपये आणि मालदांडीला ३,७४९ रुपये होता. फरक किती, तर क्विंटलमागे ५० रुपये! मालदांडी ही रब्बीची. ती ओलीवर येते, थंडीत दाणा भरते, हाताने उपटून काढावी लागते. हायब्रीड खरिपाची, काढणीला पाऊस लागला की काळी पडते. खाणाऱ्याला दोन्हीतला फरक पहिल्या घासाला कळतो, कागदाला तो ५० रुपयांचाच दिसतो. त्यामुळे चांगला शाळू असला की शेतकरी तो घरात ठेवतो नाहीतर ओळखीच्या गिऱ्हाईकाला देतो, आणि केंद्रावर जास्त करून जाते ती खरिपाची. तीच उद्या शाळेत किंवा रेशनला आली, तर लोक नाकं मुरडणार. बहात्तरच्या दुष्काळातला परदेशी लाल मिलो ज्यांनी खाल्लाय, ती म्हातारी माणसं अजून त्याची चव काढतात. सरकारी ज्वारी म्हणजे गुराला घालायची, ही समजूत आकाशातून पडलेली नाही.

रेशनचंही तसंच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो, असे दर लिहिले होते. २०२३ पासून सगळंच मोफत झालं. पण कार्डावर वर्षानुवर्षं आला तो गहू आणि तांदूळ. घरी गहू फुकट येत असेल तर ज्वारी दळून, भाकरी थापत कोण बसणार? चपातीला कमी कष्ट. ज्या घरात बाई दिवसभर द्राक्षाच्या नाहीतर उसाच्या कामाला जाते, तिथे तर हा प्रश्नच येत नाही.

यात पोटाएवढंच नुकसान माहितीचंही होतंय. ज्वारीचं पीठ दळून आठ-पंधरा दिवस झाले की त्याची विरी जाते, मग भाकरी थापताना चिरते, त्याला आधणाचं पाणी घालावं लागतं. हुरड्याला गुळभेंडी वेगळी, भाकरीला मालदांडी वेगळी. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने लाह्यांसाठी 'फुले पंचमी', पापडासाठी 'फुले रोहिणी', हलक्या रानासाठी 'फुले अनुराधा' असे वाण काढले, हे रब्बी ज्वारीच्या गावातल्या आठवीच्या पोराला माहीत असायला हवं. त्याला माहीत असतं की 'मिलेट' आरोग्याला चांगले, कारण तसं पोस्टर त्याने रंगवलेलं असतं. कडबा कशाला म्हणतात ते त्याला माहीत असतं, पण पेंढीचा भाव कशावर ठरतो ते नाही. घरात जनावरंच कमी झाली, तर कळणार कुठून.

गंमत बघा, जानेवारीत हुरडा आला की पुण्या-मुंबईच्या गाड्या रस्त्याला लागतात. शहरातली पोरं पैसे भरून आगटीभोवती बसतात, कणीस कसं चोळायचं ते शिकतात. त्याच आठवड्यात इथल्या शाळेची सहल एखाद्या वॉटर पार्कला गेलेली असते. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाकिटात बसून मोठ्या शहरात जाते, ते चांगलंच आहे, बायांना रोजगार मिळतो. पण ती जिथून जाते तिथल्या शाळेत नाही.

मग करायचं काय? भाकरीचा आग्रह आधी सोडावा लागेल. शंभर पोरांना भाकऱ्या थापायच्या तर दोन बाया पहाटेपासून चुलीपुढं बसवाव्या लागतील, आणि स्वयंपाकी-मदतनीस ताईंना मानधन मिळतं महिन्याला २,५०० रुपये. तेही वेळेवर मिळेल तेव्हा. त्यांच्यावर हे ओझं टाकायला तोंड पाहिजे. पण ज्वारीच्या कण्या खिचडीच्याच पातेल्यात शिजतात. भरडून आणायच्या, थोडा वेळ भिजवायच्या, डाळ-भाजी घालून शिजवायच्या. वेगळं भांडं नको, वेगळी बाई नको. लाह्या तर शिजवायच्याही नाहीत.

हिशेब मांडून बघू. साठ पोरांची शाळा, आठवड्यातून एक दिवस ज्वारी, डोई १०० ग्रॅम. एका दिवसाला सहा किलो, महिन्याला चोवीस, दहा महिन्यांचे २४० किलो म्हणजे दोन क्विंटल चाळीस किलो. मालदांडीच्या हमीभावाने वर्षाचे साधारण नऊ हजार रुपये, भरडण्याचा खर्च वेगळा. पाऊसपाणी बरं असेल तर एवढी ज्वारी एका कोरडवाहू एकरात निघते. म्हणजे गावातल्या एका शेतकऱ्याचं एक एकर आणि एका शाळेचं वर्षभराचं ज्वारीचं जेवण, इतकं हे गणित सरळ आहे. शेतकऱ्यालाही घरापाशी ठरलेलं गिऱ्हाईक मिळतं, आणि धान्य कुणाच्या रानातलं हे पोरांना नावानिशी माहीत असतं. तांदळाच्या कट्ट्यावर ते लिहिलेलं नसतं.

शिकवायला नवं पुस्तकही नको. राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना सांगितलेत. त्यातला एक दिवस पेरणीचा, एक हुरड्याचा, एक काढणी-मळणीचा ठेवला तरी पुष्कळ. लातूर-धाराशिवकडे आणि आपल्याकडच्या काही गावांत येळवशीला अख्खं घर रानात जातं. आंबील, भज्जी, उंडे होतात आणि पोरांना कडधान्यांची नावं जेवताना कळतात. त्यासाठी कधी कुणी परिपत्रक काढलेलं नाही.

अडचण आहे ती पैसे कुठल्या खात्यातून द्यायचे ही. योजनेत शाळेला भाजीपाला आणि इंधनासाठी रक्कम मिळते, धान्य विकत घ्यायला नाही. लोकसहभागातून साखर मागता येते, तर ज्वारीही मागता येईल, असं कुणी म्हणेल. पण ज्वारी पिकवणाऱ्यानेच ती फुकट द्यावी, हे काही बरोबर नाही. ग्रामपंचायतीच्या निधीतून नऊ हजार काढता येतील का, की जिल्हा परिषदेने सेस फंडात तरतूद करावी, हे आराखडे ठरतानाच विचारावं लागेल. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्याहून जास्त पालक असतात. त्यातल्या बऱ्याच जणांच्या रानात आता ज्वारी पेरली जातेय, आणि ती निघेपर्यंत फेब्रुवारी-मार्च उजाडेल.