माळावरची पहाट आणि विहिरीचे पाणी

माळ म्हणजे पडीक जमीन, ही आपली समजूत फार जुनी आहे. तेथे नांगर चालत नाही, ज्वारी येत नाही, मग पाहायचे काय? आमचे मत उलट आहे. बीदर परिसरातील कुटुंबांनी वर्षातून तीनचारदा तरी मुलाबाळांसह पहाटे माळाच्या कडेने पायी जावे, आणि तेही केवळ हवा खाण्यासाठी नव्हे.

आमच्या घरी हा शिरस्ता आहे. आजीपासून सातवीतल्या धाकटीपर्यंत आम्ही सहा जण अंधारातच निघतो. नौबादकडच्या माळावर पोहोचेतो तांबडे फुटते. जांभ्याचे लाल कातळ, त्यांना बोट शिरेल एवढी छिद्रे, कडेचे दगड खालून पोखरून वर छपरासारखे पुढे आलेले. आजी त्याला मोहोळाचा दगड म्हणते. असा दगड पाहून मुले विचारतातच, "याच्या पोटात काय असतं?" उत्तर एकच, पाणी.

हा जांभा काळ्या पाषाणाची युगानुयुगे झीज होऊन तयार झाला. खाणीत तो मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. बीदरचा किल्ला त्याचाच. बुकानन या स्कॉटिश डॉक्टराने 1807 साली मलबारच्या अशाच दगडाला विटेच्या लॅटिन शब्दावरून नाव दिले. पण शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट वेगळी आहे. पावसाचे पाणी जांभ्यात मुरते, खालच्या चिकण थरावर अडते आणि उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. गुरू नानक झिऱ्याचे पाणी जांभ्यातलेच, आणि नरसिंह झरणीच्या गुहेत भाविक ज्या पाण्यातून चालत जातात तेही. शहाबादकडच्या फरशीच्या दगडात अशी छिद्रे नाहीत.

बहामनी काळात लोकांनी हे ओळखून जमिनीखाली बोगदा खोदला. नौबादची ही सुरंग बावी, म्हणजे कारेझ, दोन किलोमीटरहून लांब असून तिला वर एकवीस तोंडे आहेत. पंप नाही, मोट नाही, उतारानेच पाणी वाहत जाई. पुढे ही तोंडे कचऱ्याने आणि मातीने बुजली. केरळचे भूगोलाचे प्राध्यापक व्ही. गोविंदनकुट्टी यांनी तिचा अभ्यास केला, आणि 2015 च्या सुमारास गाळ उपसण्यात आला. तोंडाशी उभे राहून खाली डोकावलेले मूल पाण्याचा धडा पुस्तकाविना शिकते. मात्र त्याचा हात घट्ट धरून ठेवावा.

आता प्रकृतीविषयी. बीदर आणि कलबुर्गीकडच्या सरकारी कचेऱ्यासुद्धा एप्रिल-मेमध्ये सकाळी आठला उघडून दुपारी दीडला बंद होतात. मग आपणच भर उन्हात फिरण्याचा हट्ट का धरावा? साडेआठच्या आत घरी परतावे. बरोबर पाणी, मीठ घातलेले ताक किंवा ज्वारीची आंबील असावी. तहान लागण्याची वाट न पाहता मुलांना घोट घोट पाजावे. कोणी बरळू लागला किंवा अंग तापून शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी घालून वारा घालावा आणि लगेच दवाखाना गाठावा. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये. कपारीत हात घालू नये, बसण्याआधी दगड काठीने हलवून पाहावा, कारण फुरसे आणि विंचू तेथेच दडतात. साप चावल्यास चिरा देऊ नये, आवळून बांधू नये. चावलेला भाग हलवू न देता रुग्णालयात न्यावे. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

आम्हाला खरी चीड येते ती माळावरच्या राडारोड्याच्या ढिगांची. ट्रॉली माळावर रिकामी करणाराच मार्च उजाडला की विहीर आटली म्हणून बोअर घ्यायला निघतो! मुरमासाठी माळ खरवडणे आणि त्यावर प्लॉट पाडणे हेही त्यातलेच. ज्या थरातून पाणी मुरते तोच काढून नेला, तर खालच्या उतारावरच्या विहिरींनी भरावे कशाने? पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय मांडावा, शहरात राहणाऱ्यांनी आपल्या नगरसेवकाला विचारावा, आणि जाण्याआधी एकदा पहाटे माळ चालून राडारोड्याचे ढीग कोठे कोठे आहेत ते वहीत लिहून घ्यावे.