समुद्रावरील स्वयंचलित यंत्रे आणि खारजमिनीचा शेतकरी

कोकणातील खारजमिनीच्या शेतकऱ्यास समुद्र हा केवळ शेजारी नाही, तो पिकाचा वाटेकरीच आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचा दिवस पंचांगावरून सांगता येतो. परंतु पाणी किती चढेल, हे केवळ चंद्रसूर्य ठरवीत नाहीत. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की समुद्राची पातळी सुमारे एक सेंटिमीटर चढते. किनाऱ्याकडे वाहणारा वारा आणि दूरच्या वादळातून आलेल्या लाटा यांची त्यात भर पडते. बांधास खांड पडते ती बहुधा या अधिक भरीमुळे.

ही भर मोजण्याचे काम आज स्वयंचलित यंत्रे करीत आहेत. हैदराबाद येथे १९९९ साली स्थापन झालेल्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने देशाच्या किनाऱ्यालगत ठिकठिकाणी तरंगते गोळे नांगरून ठेवले. रत्नागिरीचा किनारा त्यांपैकीच एक होय. लाटेबरोबर गोळा वरखाली होतो, त्यावरून आतील यंत्र लाटेची उंची व दिशा काढते आणि ती माहिती आपोआप केंद्राकडे धाडते. बंदरांतील भरतीमापक यंत्रे पाण्याची पातळी रात्रंदिवस नोंदवितात. या माहितीच्या साहाय्याने उंच लाटांचे इशारे दिले जातात. मच्छीमार बांधव त्यांचा उपयोग करतात. शेताच्या बांधापर्यंत मात्र ते क्वचितच पोचतात, आणि ही उणीव दूर झालीच पाहिजे असे आमचे मत आहे.

कारण हानी लहान नसते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. भाताचे पीक रोपावस्थेत व फुलोऱ्यात क्षारास विशेष नाजूक असते. ऐन फुलोऱ्यात खारे पाणी शिरले तर हंगाम हातचा जातो, आणि पावसाने क्षार धुऊन निघेपर्यंत जमीन पूर्ववत होत नाही.

कोणी म्हणतील, वाडवडिलांनी यंत्रांवाचूनच खाडीतून जमिनी उठविल्या. हे खरे आहे. परंतु खांड पडताच पुढील भरतीपूर्वी ती बुजविण्यास सारा गाव धावत असे. आज तितके हात गावात उरलेले नाहीत. म्हणूनच आधी कळणे अधिक अगत्याचे झाले आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा आगाऊ सूचनेमुळे लोकांना सुरक्षित स्थळी हलविता आले. तोच न्याय पिकासही लागू व्हावा.

यासाठी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी उधाणापूर्वी समुद्राचा अंदाज पाहून तो चावडीच्या फलकावर लिहावा. शेतकऱ्यांनी त्या दिवशी बांधावरून फेरी मारावी. खेकड्यांची बिळे बुजवावीत. उघाडीच्या झडपेत लाकूड वा गाळ अडकला असल्यास काढावा, म्हणजे भरतीच्या वेळी ती घट्ट मिटेल. शासनानेही खाडीच्या मुखाशी क्षारता मोजणारी यंत्रे बसविण्याचा विचार करावा. कोची व विशाखापट्टणम येथे किनाऱ्याच्या पाण्याची गुणवत्ता मोजणारी अशी यंत्रे बसविण्यात आली आहेत.

यंत्र समुद्राची वार्ता देईल. बांध राखण्याचे काम गावाचेच आहे.